सीसी म्हणजे कुठली सीसी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘सीसी’ ही दोन अक्षरं गाडीच्या कागदावर असतात, औषधाच्या चिठ्ठीवर असतात, बँकेच्या मंजुरीपत्रात असतात आणि फ्लॅटच्या करारातही असतात. म्हापशापासून काणकोणपर्यंतच्या वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका प्रश्नाचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. सीसीचा खरा अर्थ एकच कुठला तरी असेल ना?

नाही. ओळखायचं ते शेजारच्या गोष्टीवरून. आधी आकडा असेल (११० सीसी, ५ सीसी) तर घन सेंटिमीटर. आकडा असून दोन अक्षरांमध्ये तिरकी रेघ असेल (१५० सी/सी) तर तो बांधकामाचा नकाशा आहे आणि अर्थ अगदी वेगळा आहे. प्रश्न १० पाहा. पुढे ‘लिमिट’ किंवा ‘खातं’ असेल तर बँकेची कॅश क्रेडिट. पत्राच्या तळाशी असेल तर प्रत. बिल्डरच्या तोंडी असेल तर मात्र थांबून पूर्ण नाव विचारा. तिथे एका सीसीचे तीन अर्थ फिरतात (प्रश्न ८ आणि ९).

२. गाडीचे सीसी म्हणजे नेमकं काय मोजतात? जास्त सीसी म्हणजे जास्त ताकद का?

इंजिनातला पिस्टन तळापासून वर जाताना जेवढी जागा झाडून घेतो, ती घन सेंटिमीटरमध्ये मोजतात. हिशोब घरीही होतो: ०.७८५४ × बोर (सिलिंडरचा व्यास) × बोर × स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव), मापं सेंटिमीटरमध्ये, आणि शेवटी सिलिंडरच्या संख्येने गुणायचं. अ‍ॅक्टिव्हा ११०चा बोर ४.७ सेंमी, स्ट्रोक ६.३१२१ सेंमी. ०.७८५४ × २२.०९ × ६.३१२१ केलं की १०९.५१ येतात. आरसीवर छापलेला आकडा हाच.

सीसी म्हणजे जागा, ताकद नव्हे. ३४९ सीसीची बुलेट सुमारे २० बीएचपी (अश्वशक्ती) देते आणि २०० सीसीची केटीएम ड्यूक त्याहून जास्त. बुलेटचं इंजिन कमी फेऱ्यांवर जोर देण्यासाठी बांधलेलं असतं, ड्यूकचं जास्त फेऱ्यांवर. अनमोडच्या घाटात मागे माणूस आणि सामान घेऊन चढताना हा फरक हाताला कळतो.

३. नाव ‘३५०’, कागदावर ३४९ पूर्णांक काही. कंपनी फसवते का?

नाही. नाव हा गोल केलेला आकडा असतो, आरसीवरचा मोजलेला असतो. जुन्या बुलेटचा बोर ७० मिमी आणि स्ट्रोक ९० मिमी, म्हणजे ३४६ सीसी. नवीचे ७२ आणि ८५.८ मिमी, म्हणजे ३४९.३४.

कंपन्या उंबरठ्याच्या किंचित आत राहतात त्याला पैशाचं कारण आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीवर १८ टक्के जीएसटी आहे, त्यापुढे ४० टक्के. थर्ड पार्टी विम्याच्या पायऱ्याही ७५, १५० आणि ३५० सीसीवर बदलतात. १२५ सीसीच्या वर एबीएस ब्रेक सक्तीचे, म्हणून बहुतेक ‘१२५’ गाड्या प्रत्यक्षात १२४ आणि काही निघतात. पेट्रोल कारलाही असाच उंबरठा आहे: १२०० सीसीपर्यंतचं इंजिन आणि ४ मीटरपर्यंत लांबी, या दोन्ही अटी पाळल्या तरच १८ टक्के. एक जरी मोडली तरी ४०.

गाडीचं बोअर वाढवून घेणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की सीसी बदलले की आरसीवरचा तपशील खोटा ठरतो, आणि अपघाताच्या दाव्यात विमा कंपनीचा सर्व्हेअर आधी तोच तपासतो.

४. मुलगा सोळा वर्षांचा आहे. स्कूटर चालवू शकतो का?

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीचा, पालकांच्या संमतीने. हा नियम लुनासारख्या मोपेड रस्त्यावर होत्या त्या काळाला साजेसा होता. आज दुकानात उभी असलेली साधी पेट्रोल स्कूटर शंभर सीसीच्या पुढची असते, म्हणजे अठरा वर्षं पूर्ण हवीत. ‘गिअर नाही ना, मग चालतं’ हा समज गोव्यात घरोघरी आहे आणि तो चूक आहे. अल्पवयीन मुलाने गाडी चालवल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकावर किंवा गाडीच्या मालकावर २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

अठरानंतर परवाना सीसीवर ठरत नाही, गिअरवर ठरतो. गिअरच्या दुचाकीचा परवाना असेल तर १०० सीसीची स्प्लेंडरही चालते आणि ६५० सीसीचीही. बिनगिअरच्या परवान्यावर भाड्याची बुलेट घेऊन हणजूणला जाणारा पर्यटक मात्र विनापरवानाच धरला जातो.

५. इलेक्ट्रिक स्कूटरचे सीसी किती धरायचे?

धरायचे नाहीत. सिलिंडरच नाही. तिथे वॅट पाहतात. मोटर २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किमीच्या आत असेल तर नियमांची पूर्तता करणारी गाडी मोटार वाहन ठरत नाही, परवानाही लागत नाही. त्यावरच्या प्रत्येक गाडीला परवाना, नोंदणी आणि विमा लागतो. विम्याच्या पायऱ्या ३, ७ आणि १६ किलोवॅटवर आहेत. दुकानदार ‘ही ११० सीसीसारखी’ म्हणतो तेव्हा तो विक्रीची भाषा बोलत असतो. कागदावर तसं काही नसतं.

६. डॉक्टरांनी सिरप ‘५ सीसी’ लिहिलंय. बाटलीवर एमएल आहे. किती घालू?

५ मिली. १ सीसी म्हणजे बरोबर १ मिली. १९०१ ते १९६४ या काळात लिटरची व्याख्या एक किलो पाण्यावर बेतलेली होती, त्यामुळे दोघांत लाखात तीन भाग इतका फरक पडायचा. १९६४ साली तोही मिटला.

गडबड होते ती पुढच्या दोन ठिकाणी.

पहिली, मोजमाप. स्वयंपाकघरातला चहाचा चमचा प्रत्येक घरी वेगळा भरतो. बाटलीसोबतचं खुणांचं झाकण घ्या, नाहीतर फार्मसीतून सुई नसलेली ५ मिलीची सिरिंज घ्या. झाकण डोळ्यांच्या रेषेत धरून पाहावं. वरून पाहिलं तर आकडा चुकतो.

दुसरी, आणि जास्त धोक्याची: सीसी औषधाचं प्रमाण सांगत नाही, फक्त द्रवाचं आकारमान सांगतो. मुलांचं पॅरासिटामॉल सिरप ५ मिलीमध्ये १२० किंवा १२५ मिग्रॅचं मिळतं आणि २५० मिग्रॅचंही. थेंबांच्या छोट्या बाटलीत तर १ मिलीतच १०० मिग्रॅ असतात. मागच्या वेळची बाटली वेगळी असेल तर तेच ‘५ सीसी’ दुप्पट डोस होतो. चिठ्ठी आणि बाटलीचं लेबल दोन्ही फार्मसिस्टसमोर ठेवून विचारा.

हाताने घाईत लिहिलेला सीसी कधी दोन शून्यांसारखा दिसतो, कधी इंग्रजी ‘यू’सारखा, म्हणजे ‘युनिट’. म्हणून रुग्णसुरक्षेच्या नियमावल्या आता सीसी न लिहिता ‘एमएल’ लिहायला सांगतात. जुन्या डॉक्टरांची सवय जायला वेळ लागेल, तोवर विचारणं हाच उपाय.

७. इन्सुलिन अर्धा सीसी घ्यायला सांगितलंय. किती युनिट?

बाटलीवर अवलंबून आहे, आणि म्हणूनच इन्सुलिन कधीही सीसीत सांगू नये, घेऊ नये. आपल्याकडे बाटल्या दोन प्रकारच्या मिळतात: १ मिलीत ४० युनिट आणि १ मिलीत १०० युनिट. अर्धा सीसी म्हणजे पहिल्यात २० युनिट, दुसऱ्यात ५०. सिरिंजही त्याच जोडीची लागते. लाल टोपीची ४०ची, नारिंगी टोपीची १००ची.

चूक कशी होते ते पाहा. १००च्या बाटलीतून लाल टोपीच्या सिरिंजमध्ये ‘२०’च्या खुणेपर्यंत ओढलं. सिरिंज म्हणते वीस, शरीरात जातात पन्नास. अडीच पट. साखर झपाट्याने उतरते, घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस बेशुद्धही पडतो. उलट जोडी केली तर डोस दोन पंचमांशच जातो आणि ‘इन्सुलिन लागू पडत नाही’ अशी तक्रार सुरू होते. पेनच्या कार्ट्रिजमध्ये बहुधा १००चं इन्सुलिन असतं. पेन बिघडला म्हणून त्यातून सिरिंजने ओढायला जाऊ नका.

आजी-आजोबांची सिरिंज दुसरं कोणी आणत असेल तर रिकामी बाटली सोबत न्यावी. (केसपेपरवर तक्रारींच्या रकान्यात पहिल्याच ओळीला ‘सी/सी’ दिसलं तर घाबरू नका. तो चीफ कम्प्लेंट, म्हणजे रुग्ण ज्या त्रासासाठी आला तो.)

८. पर्वरीत फ्लॅट घेतोय. बिल्डर म्हणतो सीसी आली, आता उरलेले पैसे द्या. द्यावेत का?

आधी कागद हातात घ्या आणि त्यावर कोणाची सही आहे ते वाचा. गोव्यात बांधकाम संपल्यावर ‘कम्प्लीशन’ नावाचे दोन कागद निघतात.

एक असतो बिल्डरच्याच आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरचा, त्यांच्या लेटरहेडवर. काम नकाशाप्रमाणे झालं, इमारत मजबूत आहे, एवढं तो खासगी माणूस लिहून देतो. हा अर्जासोबत जोडायचा कागद आहे.

दुसरा असतो नगर नियोजन खात्याचा, म्हणजे टीसीपीचा, किंवा तो भाग नियोजन क्षेत्रात असेल तर पीडीएचा, म्हणजे नियोजन आणि विकास प्राधिकरणाचा. त्याला कम्प्लीशन ऑर्डर म्हणतात. खात्याने पाहणी करून मंजूर नकाशाशी बांधकाम ताडलेलं असतं. खरी सीसी ही.

पण तीही राहायला जाण्याची परवानगी नव्हे. ती ओसी, म्हणजे ऑक्युपन्सी सर्टिफिकेट, आणि ते देते पंचायत किंवा पालिका, ज्या संस्थेने बांधकाम परवाना दिला ती. क्रम असा: सनद (जमीन बिगरशेती केल्याची), टीसीपीची तांत्रिक मंजुरी, पंचायत किंवा पालिकेचा परवाना, बांधकाम, कम्प्लीशन ऑर्डर, मग ओसी. शेवटचा हप्ता कराराच्या कुठल्या टप्प्याला बांधला आहे ते कलम काढून वाचा. नुसतं ‘ऑन कम्प्लीशन’ लिहिलं असेल तर सही करण्याआधीच ‘ओसीची प्रत दिल्यावर’ असं बदलून घ्या. सही झाल्यावर बदल मागणं फार कठीण जातं.

कागदावर इमारतीचं नाव नसलं तरी चालेल, पण सर्व्हे नंबर, पोटविभाग आणि इमारतीचा ब्लॉक तुमच्या करारातल्याशी जुळलाच पाहिजे. तीन ब्लॉकच्या प्रकल्पात ‘ए’ ब्लॉकची ऑर्डर ‘सी’ ब्लॉकच्या गिऱ्हाइकाला दाखवण्याचा प्रकार होतो. ‘पार्ट’ हा शब्दही शोधा. अर्धवट पूर्णत्वाच्या ऑर्डरमध्ये कुठले मजले आहेत ते आत लिहिलेलं असतं.

९. मुंबईच्या भावाने त्याच्या फ्लॅटला काम सुरू होण्याआधीच सीसी मिळाल्याचं सांगितलं. कसं शक्य आहे?

त्याची सीसी वेगळी. महाराष्ट्रात या धंद्यात सीसी म्हणजे कमेन्समेंट सर्टिफिकेट, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र. १९६६ च्या एमआरटीपी कायद्याखालचं. तिकडच्या जाहिरातीत ‘जोत्यापर्यंत सीसी’ वाचायला मिळतं, म्हणजे तेवढ्यापुरतीच बांधायची परवानगी. गोव्यात त्या जागी पंचायतीचा किंवा पालिकेचा कन्स्ट्रक्शन लायसन्स असतो. एकाची सीसी कामाच्या आरंभाची, दुसऱ्याची शेवटची. मुंबई-पुण्याचा बिल्डर गोव्यात येऊन जाहिरात करतो तेव्हा तो आपली भाषा सोबत आणतो. म्हणून प्रश्न ८ मधला नियम इथेही लागू: नाव पूर्ण वाचा. रेराच्या २०१६ च्या कायद्यात कमेन्समेंट, कम्प्लीशन आणि ऑक्युपन्सी या तिन्हींच्या व्याख्या वेगवेगळ्या दिल्या आहेत.

१०. स्लॅबच्या नकाशावर ‘८ मिमी, १५० सी/सी’ लिहिलंय. मिस्त्री वेगळंच सांगतो.

सेंटर टू सेंटर. एका सळीच्या मध्यापासून शेजारच्या सळीच्या मध्यापर्यंत १५० मिमी. दोन सळ्यांमधली मोकळी जागा १५० नव्हे.

टेपने सळीचा मध्य धरता येत नाही, म्हणून सोपी युक्ती: एका सळीच्या डाव्या कडेपासून दुसरीच्या डाव्या कडेपर्यंत मोजा. अंतर तेच येतं. चांगला फिटर सळ्या पसरण्याआधी सेंट्रिंगच्या प्लायवर खडूने १५०-१५०च्या खुणा मारून घेतो. खुणा दिसत नसतील तर अंदाजाने बांधतोय असं समजा.

फरक किती पडतो? ८ मिमीच्या सळीत थोडा. पण ‘१२ मिमी, १०० सी/सी’ असताना मोकळी जागा १०० ठेवली, तर सळ्या प्रत्यक्षात ११२ वर बसतात आणि लोखंड जवळजवळ ११ टक्के कमी जातं. संख्येतही चूक होते. ३ मीटर रुंदीत १५०च्या अंतराने वीस गाळे होतात, पण सळ्या एकवीस लागतात. वीसच मागवल्या तर एकवीसावीच्या जागेसाठी सगळ्या थोड्या थोड्या सरकवल्या जातात.

हे सगळं काँक्रीट ओतायच्या आदल्या संध्याकाळी मोजायचं. सकाळी मिक्सर फिरू लागल्यावर कोणी ऐकत नाही.

११. पंचायतीच्या निविदेत ‘सीसी रोड’ आहे. तोही कम्प्लीशन का?

तो सिमेंट काँक्रीट. डांबराचा तो हॉटमिक्स, सिमेंटचा तो सीसी. दोन गोष्टींवर डोळा ठेवा. काँक्रीट घट्ट झाल्यावर, साधारण पहिल्या दिवसाच्या आतच, कटरने आडवे सांधे कापले गेले पाहिजेत. उशीर झाला तर रस्ता स्वतःच्या मर्जीने वेडावाकडा तडकतो. आणि किमान १४ दिवस ओली गोणपाटं किंवा पाण्याचे वाफे. पाण्याची पाइप टाकायची असेल तर रस्त्याच्या आधी टाकायला पंचाच्या मागे लागा. काँक्रीट फोडून पुन्हा भरलेला चर कधीच एकजीव होत नाही.

१२. बँक म्हणते टर्म लोनऐवजी सीसी घ्या. फरक काय?

कॅश क्रेडिट. टर्म लोनचे पैसे एकदम मिळतात आणि हप्ते सुरू होतात. सीसीत बँक मर्यादा ठरवते. लागेल तेव्हा उचलायचं, विक्रीचे पैसे आले की भरायचं. व्याज रोजच्या शिलकी उचलीवरच. पाच लाखांची मर्यादा आहे, तुम्ही तीन लाख दहा दिवस वापरले, दर ११ टक्के, तर व्याज सुमारे ९०४ रुपये. ओव्हरड्राफ्टही असाच चालतो, पण तो बहुधा मुदत ठेव किंवा मालमत्तेवर असतो. सीसी माल आणि येणी यांवर असते.

शीतकपाट, मशिन, टेम्पो यांसाठी सीसी वापरू नका. ते पैसे मालासारखे महिन्या-दोन महिन्यांत परत फिरत नाहीत आणि खातं कायम मर्यादेला चिकटून राहतं.

१३. मर्यादा पाच लाख, तरी चेक परत गेला. का?

कारण ड्रॉइंग पॉवर, म्हणजे माल आणि येणी यांतून बँकेचं मार्जिन (राखून ठेवलेला हिस्सा) वजा करून उरणारी रक्कम. उचलता येते ती मंजूर मर्यादा आणि ड्रॉइंग पॉवर यांतली जी कमी असेल ती. काजूच्या व्यापाऱ्याचा मे महिन्याचा हिशोब घ्या: माल ८ लाख, त्यातला २ लाखांचा उधारीवर घेतलेला. राहिले ६ लाख, २५ टक्के मार्जिन वजा करून ४.५ लाख. येणी ३ लाख, ४० टक्के मार्जिन वजा करून १.८ लाख. एकूण ६.३ लाख, मर्यादेपेक्षा जास्त, म्हणून पूर्ण ५ लाख मोकळे. ऑगस्टमध्ये माल २ लाखांवर आला, उधारी शून्य, येणी १ लाख: १.५ अधिक ०.६, म्हणजे फक्त २.१ लाख. चेक तिथे अडकतो. (मार्जिनचे टक्के मंजुरीपत्रात असतात, आपले तेच घ्या.)

स्टॉक स्टेटमेंट वेळेवर न देणं ही दुसरी चूक. तीन महिन्यांहून जुन्या स्टेटमेंटवर काढलेली उचल अनियमित धरतात आणि ती स्थिती ९० दिवस राहिली तर खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत होतं. दुकान उत्तम चाललेलं असतानाही.

१४. अर्जाखाली ‘सीसी: बीडीओ, मामलेदार’ लिहिलं की त्यांना दखल घ्यावीच लागते का?

नाही. ही कार्बन कॉपी, टाइपरायटरच्या काळ्या कागदाची आठवण. अर्ज ज्याच्या नावे त्याने उत्तर द्यायचं. प्रत मिळालेलं कार्यालय बहुतेक वेळा ती फाइलला लावतं. बीडीओंनी काही करावं असं वाटत असेल तर त्यांच्या नावे स्वतंत्र अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर इनवर्ड नंबर, तारीख, शिक्का घ्या. तळाशी नावं लिहून प्रत पोचवलीच नाही, असंही होतं.

ईमेलमध्ये सीसीतली नावं सगळ्यांना दिसतात, बीसीसीतली दिसत नाहीत. सोसायटीच्या साठ सभासदांना नोटीस पाठवताना पत्ते बीसीसीत टाका. आणि तुम्हाला बीसीसीत आलेल्या मेलला ‘रिप्लाय ऑल’ करू नका; लपवलेलं नाव तिथेच उघडं पडतं.

१५. ग्राहक आयोगाच्या नोटिशीवर ‘सीसी’ आणि नंबर आहे. फौजदारी खटला झाला का?

घाबरू नका, तिथे तो कन्झ्युमर कम्प्लेंट. मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, ५ लाखांपर्यंत फी नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करायची. इतर कोर्टांत सीसी म्हणजे क्रिमिनल केसही असू शकतं, म्हणून ईकोर्ट्स या कोर्टांच्या संकेतस्थळावर शोधताना खटल्याचा सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक वापरा. संक्षेपाचा प्रश्नच उरत नाही.

वकील म्हणतात ‘सीसी लावलीय’ ती सर्टिफाइड कॉपी, निकालाची प्रमाणित प्रत. ती मिळायला लागलेला वेळ अपिलाच्या मुदतीतून वगळतात, पण अर्ज केल्यापासूनचाच. अर्जाआधी घरी बसून काढलेले दिवस तुमच्याच खात्यावर.

१६. लिस्बनहून काकांनी लिहिलंय, ‘बीआय गेलं, आता सीसी काढ’. हे काय?

कार्ताव द सिदादाव, पोर्तुगालचं नागरिक कार्ड. जुन्या बिल्येत द इदेंतिदाद म्हणजे बीआयच्या जागी ते २००७ पासून आलं. ओळख, कर, सामाजिक सुरक्षा आणि आरोग्य यांचे क्रमांक एकाच कार्डावर असतात. मूलतः ते पोर्तुगीज नागरिकाचं कार्ड आहे, आणि भारताचा १९५५ चा नागरिकत्व कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही. म्हणून हातात भारतीय पासपोर्ट, मतदार ओळखपत्र किंवा सरकारी नोकरी असेल तर एजंटचं ऐकून फॉर्म भरण्याआधी नागरिकत्वाच्या कायद्यातला वकील गाठा. या एका सीसीला ‘नंतर बघू’ चालत नाही.

१७. पणजीच्या कचऱ्याच्या गाडीवर ‘सीसीपी’, दुकानावर ‘सीसीटीव्ही’, रिमोटवर ‘सीसी’. तिन्हीतला सीसी एकच?

तिन्ही वेगळे. सीसीपी म्हणजे कॉर्पोरेशन ऑफ द सिटी ऑफ पणजी, आपली महानगरपालिका. सीसीटीव्हीत क्लोज्ड सर्किट: चित्र ठरावीक पडद्यांपुरतंच बंदिस्त. रिमोटवरचं क्लोज्ड कॅप्शन: हवी तेव्हा चालू-बंद करता येणारी अक्षरं, ज्यात संवादाबरोबर ‘दार वाजतं’, ‘कुत्रं भुंकतं’ असे आवाजही लिहिलेले असतात. आजोबांना कमी ऐकू येत असेल तर नुसत्या सबटायटलपेक्षा हेच लावून द्या.